भाजणीचा व्यवसाय वाढवायचाय : कर्ज, अनुदान की आहे त्यातूनच?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून थालीपीठाची भाजणी, नाचणीचं सत्त्व आणि ज्वारीचा रवा करतो. नणंद पुण्याला असते, तिच्या सोसायटीतून सुरुवात झाली. आता महिन्याला चाळीसेक किलो माल जातो, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या आसपास जास्त.

भाजणं घरीच, मोठ्या लोखंडी कढईत. दळण मात्र गावातल्या गिरणीत, आणि अडचण तिथेच आहे. आमच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ आमच्या नाचणीत उतरतं. आमची बरीच गिऱ्हाइकं गहू चालत नाही म्हणूनच आमच्याकडे येतात. त्यांना खात्रीने द्यायचं तर गिरणी स्वतःची हवी. पल्व्हरायझर (दळायचं यंत्र), भाजण्याचं यंत्र, पाकिटं बंद करायचं सीलर आणि मागच्या पडवीची डागडुजी धरून अंदाज सहा लाखांवर जातो.

महिलांसाठी पुष्कळ योजना आहेत असं सगळे सांगतात, पण दोन माणसांनी कधी एकच योजना सांगितली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष कर्ज काढलंय, अनुदान घेतलंय किंवा मुद्दाम घेतलं नाही, त्यांनी अनुभव लिहावा. आणि हे दोघींच्या नावावर करता येईल का, हेही सांगा.

आजोळ

आधी अभिनंदन! भाजणी ठाण्याला कुरियरने पाठवता का? गंमत नाही, खरंच विचारतेय.

नगरची_थोरली

माझं शेवया आणि कुरडयांचं युनिट पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभं राहिलं, म्हणून तेवढंच सांगते. ही केंद्राची योजना 2008 पासून आहे. उत्पादन असेल तर 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवा असेल तर 20 लाखांपर्यंत. महिला विशेष गटात धरतात, त्यामुळे ग्रामीण भागात 35 टक्के आणि शहरात 25 टक्के अनुदान. स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे. तुमच्या सहा लाखांत तुमचे 30 हजार, बाकी बँक.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ते 35 टक्के हातात येत नाहीत. बँकेतच तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी झाली की कर्जात वळती होतात. आमच्या गावात अनुदानाच्या पैशातून छप्पर घालायचं ठरवून बसलेल्या बायका मी पाहिल्यात. तसं होत नाही.

प्रशिक्षण सक्तीचं आहे. मला ते कंटाळवाणं होईल असं वाटलं होतं, पण मालाचा खर्च काढायला मी तिथेच शिकले.

शंकासुर

योजना कागदावर छान असतात. आमच्या तालुक्यात एजंटाशिवाय फाईल हलत नाही. तो अनुदानातला वाटा आधीच ठरवून घेतो. ओळख नसेल तर नादी लागू नका, हे माझं स्पष्ट मत.

कृष्णाकाठ

@आजोळ, पाठवतो की! संपर्कातून निरोप टाका.

@शंकासुर, आमच्याकडेही एक जण येऊन गेला. मंजूर रकमेच्या दहा टक्के मागत होता. एका बँकेत चौकशी केली तर सातबारा आणि मिस्टरांची सही लागेल म्हणाले. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि मला ती यात आणायची नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, तीस वर्षांहून जास्त काळ बँकेत काढला, त्यातला बराच ग्रामीण शाखांत. जरा सविस्तर लिहितो.

सातबाऱ्याचं आधी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची 2010 पासूनची स्पष्ट सूचना आहे. त्या कर्जासाठी बँकेला सरकारी हमी निधीचं संरक्षण मिळतं. तेव्हा सातबारा मागितला तर शांतपणे एवढंच म्हणा, "साहेब, हमी योजनेखाली करा, आणि नाकारणार असाल तर कारण लेखी द्या." लेखी म्हटल्यावर बराच फरक पडतो. नवऱ्याच्या सहीचंही तसंच. सज्ञान बाईला स्वतःच्या व्यवसायाचं कर्ज घ्यायला नवऱ्याची परवानगी लागत नाही. सहकर्जदार जोडला की वसुली सोपी जाते, म्हणून शाखा मागते.

आता शाखेच्या खुर्चीतून काय दिसतं ते. समोर फाईल आली की प्रकल्प अहवाल मी सर्वांत शेवटी वाचायचो, कारण तो सगळ्यांचा एकाच दुकानात टाईप केलेला असायचा. आधी खात्याचा उतारा बघायचो. विक्रीचे पैसे महिन्यामागून महिने खात्यात येताना दिसले की निम्मं काम तिथेच व्हायचं. तुमचं गिऱ्हाईक पुण्याचं आहे, म्हणजे पैसे मोबाईलवरून येत असणार. ते घरखर्चाच्या खात्यात न घेता आजपासून वेगळ्या चालू खात्यात घ्या. यंत्राचं कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचंच आणा, कारण कर्जाचा धनादेश थेट त्याच्या नावाने निघतो.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अर्ज ऑनलाईन आहे, आणि जिल्हा उद्योग केंद्रात तो भरायला मदत करतात.

हिशोबनीस

काकांशी सहमत, पण मला वाटतं तुमच्यासाठी पीएमईजीपीपेक्षा पीएमएफएमई जवळची आहे. खाद्यप्रक्रियेसाठीची ही योजना 2020 मध्ये आली. अनुदान 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात, म्हणजे तुमचे 60 हजार. पण पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला मिळतं, आणि तुम्ही तर आधीपासून विकताय. पीएमएफएमईत चालू व्यवसाय वाढवायलाही मिळतं. अनुदान इथेही तीन वर्षं अडकून राहतं. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालते, आणि प्रत्येक जिल्ह्यात अर्जापासून मंजुरीपर्यंत मदत करायला संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही काही द्यायचं नाही. मुदत वाढवत वाढवत आणलेली योजना आहे, त्यामुळे सध्या अर्ज घेतायत का ते आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि दोन योजनांचं अनुदान एकत्र घ्यायचा विचार करू नका. आधी दुसरं सरकारी अनुदान घेतलेलं युनिट पीएमईजीपीत बसत नाही.

दोघींच्या नावाचं म्हणाल तर भागीदारी संस्था करा. भागीदारीचा लेख करून नोंदवा, वाटा किती ते आधीच लिहा. जावा-जावांचं आज कितीही पटत असलं तरी लिहाच. पीएमएफएमईत भागीदारी चालते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या साईट खोट्या आहेत. अन्नसुरक्षेची साधी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, विक्री 12 लाखांच्या आत असेपर्यंत तेवढी पुरते. जीएसटी वस्तूंना 40 लाखांपर्यंत लागत नाही. ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाईन पोर्टलवर विकायलाही छोट्यांना जीएसटीची सक्ती राहिलेली नाही.

घाटमाथा

सगळे कर्ज कसं मिळेल ते सांगताय. कर्ज घ्यावं का, हे कुणी विचारत नाहीये.

सहा लाखांतले स्वतःचे 60 हजार सोडून कर्ज 5 लाख 40 हजार, व्याज 11 टक्के, पाच वर्षं. हप्ता पावणेबारा हजारांच्या आसपास. किलोमागे सगळा खर्च जाऊन 60 रुपये सुटतात असं धरू. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला जवळजवळ 200 किलो माल विकला पाहिजे. आज विक्री 40 किलो. पाचपट! आणि दोघींची मजुरी यात कुठेच नाही.

माझा सल्ला, साधी लहान गिरणी घ्या. लाखाच्या आत बसेल. घरात सोनं असेल तर त्यावर कर्ज काढा, दोन दिवसांत मिळतं, आणि वर्षात फेडून मोकळ्या व्हा. मालाला मागणी आहे हे सिद्ध झालं की मग मोठं यंत्र.

नगरची_थोरली

@घाटमाथा, हिशोब बरोबर आहे, पण सोनं गहाण ठेवायचा सल्ला मला पटत नाही. बाईच्या अंगावरचं सोनं ही तिची शेवटची शिल्लक असते. धंद्याची जोखीम धंद्याच्या कर्जावर राहू दे. बँकेचं तारण नसलेलं कर्ज त्यासाठीच आहे. शिवाय 40 किलो विक्री का आहे? दोघी जणी गिरणीच्या रांगेत बसतात म्हणून. माझी विक्री यंत्र आल्यावर वाढली, आधी नाही.

घाटमाथा

यंत्र आलं म्हणून माल जास्त *तयार* होतो. *विकला* जाईलच असं नाही. तुमच्याकडे लग्नसराईच्या ऑर्डरी बांधलेल्या होत्या, हे तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतं.

नगरची_थोरली

हो, ते खरं आहे. दोन आचारी ठरलेले होते.

गोडाधोडाचं

बाकी सगळं ठीक, पण भाजणीत राजगिरा घालता का? आमच्या आजीच्या भाजणीत धणे-जिरे सढळ आणि थोडे काळे उडीद. विकतच्या भाजणीत हल्ली धण्याचा पत्ताच नसतो.

आजोळ

काळे उडीद!! नक्की विदर्भातल्या का तुम्ही? आमच्याकडे उडदाची डाळच.

गोडाधोडाचं

मिरजेची आहे. 🙂 सालीच्या उडदाने रंग काळपट होतो पण खमंगपणा बघाच.

कृष्णाकाठ

राजगिरा नाही घालत, उपासाची भाजणी वेगळी करतो त्यात असतो. धणे भरपूर. चला आता मुद्द्यावर, नाहीतर जाऊबाई मला इथूनच हाक मारतील!

गिरणगावची_लेक

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतले पंधरा-सोळा कामगार दोन्ही वेळ जेवायचे. ते पगार झाला की पैसे देणार, आणि वाण्याला मात्र आधी द्यायचे. मधल्या दिवसांसाठी सावकार. आईचं मंगळसूत्र त्याच्याकडे किती वेळा गेलं-आलं, त्याचा हिशोब नाही.

1975 मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच बायकांसाठी. खानावळवालीला धंद्याची बाई समजून राष्ट्रीयीकृत बँकेने दारात उभं करावं, म्हणून त्या भांडल्या. बायकांचे गट करून एकमेकींना जामीन ठेवलं आणि छोटी छोटी कर्जं मिळवून दिली. बायकांनी ती फेडली. घाटमाथा, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पण बँकेच्या दाराशी पोचायला आमच्या आयांना जे करावं लागलं, त्यानंतर पुन्हा "सोनं ठेवा" हे ऐकायला जड जातं.

घाटमाथा

मान्य ताई. सोन्याचा मुद्दा मागे घेतो. विक्रीचा घेत नाही.

माणदेशी_पोर

अन्नपूर्णाचा विषय निघालाच आहे तर आमच्या म्हसवडचंही सांगतो. माणदेशी महिला सहकारी बँक 1997 ला सुरू झाली. पहिल्या खेपेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांनी अक्षरं गिरवली आणि बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांना यंत्रावर काढू द्या. चेतनाताई हे जाहीर भाषणांत सांगतात.

कृष्णाकाठ ताई, तुम्ही सातारा जिल्ह्यातल्याच. माणदेशी फाउंडेशनचे बायकांसाठी धंद्याचे वर्गही आहेत, चौकशी करा. आमच्या मावशीनं तिथनं पॅकिंग आणि किंमत लावणं शिकून घेतलं.

उमेदची_सखी

मी उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. तुम्ही दोघी बचत गटात आहात का? असाल तर दोन दारं उघडतात. एक, गट नियमित असेल, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वह्या या पंचसूत्रीत बसत असेल, तर बँक गटाला कर्ज देते आणि व्याजात सवलत मिळते. दुसरं, पीएमएफएमईतच गटातल्या खाद्यप्रक्रिया करणाऱ्या सभासदाला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे. ते बचत गटांच्या संघाकडे येतं आणि सभासदाला परतफेडीच्या बोलीवर मिळतं. कच्चा माल आणि लहान अवजारं यासाठी ते उपयोगी. तुमचं सीलर त्यात येईल.

आणि एक कळकळीची विनंती. घरपोच येणाऱ्या साप्ताहिक हप्त्याच्या कंपन्यांचं कर्ज काढून धंदा उभा करू नका. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं, हे मी वस्तीवर रोज बघते. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. पण उत्पन्नाचा आकडा फॉर्मवर कोण कसा भरतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

शंकासुर

सखीताई, महिला योजनांतली निम्मी युनिटं बायकोच्या नावावर आणि ताबा नवऱ्याकडे असतात, यावरही बोला.

उमेदची_सखी

निम्मी का किती, मला माहीत नाही. पण असतात. ओळखायचं कसं तेही सांगते. बाईला विचारा एटीएम कार्ड कुणाकडे आहे, आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो. धंदा बुडाला तर थकबाकीदार म्हणून नाव तिचं लागतं, पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जालाही ते आडवं येतं. म्हणून मी गटात सही करण्याआधी मोबाईल नंबर तपासते. भांडणं होतात, होऊ देत.

हिशोबनीस

हे शंभर टक्के. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्या "प्रोप्रायटर" ताईंना मी फोन त्यांनाच लावायला सांगते. ज्या स्वतः बोलतात त्यांचा धंदा टिकतो, हे माझं निरीक्षण.

लेस्टरवासी

इथे ब्रिटनमध्ये नव्या व्यवसायाला स्टार्ट अप लोन मिळतं, 500 ते 25 हजार पौंड. तारण नाही, पण कर्ज व्यक्तीच्या नावावर असतं, म्हणजे धंदा बंद पडला तरी फेडायचं तुम्हीच. मला त्यातलं सर्वांत उपयोगी काय वाटलं, तर सोबत वर्षभर मिळणारा मार्गदर्शक. माझ्या डब्यांच्या व्यवसायात पहिले सहा महिने कुणीतरी दर महिन्याला आकडे विचारत होतं, त्याचा फार आधार झाला. तुमच्याकडे असा कुणी आहे का?

निवृत्त_शाखाधिकारी

आहे, फक्त लोक वापरत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत, आणि नंतरही काही काळ पाठपुरावा ठेवतात. एमसीईडीचे (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे) उद्योजकता वर्गही चालतात.

मुद्रेबद्दल, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुद्रेत अनुदान नाही. 50 हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. पण यंत्र लवकर हवं असेल आणि रक्कम छोटी असेल तर अनुदानाच्या फाईलपेक्षा ती पटकन होते. घाटमाथा म्हणतात तसा टप्पा घ्यायचा असेल तर सोन्याऐवजी मुद्रा घ्या.

घाटमाथा

हे मला पटलं.

दापोलीकरीण

थोडं विषयांतर, पण बायकांचाच विषय आहे. माझा घरगुती निवास-न्याहारी सुरू करायचा बेत आहे, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. माझ्यासाठी काही आहे का?

हिशोबनीस

आहे. राज्य पर्यटन विभागाचं 'आई' धोरण बघा. पर्यटनातल्या महिलांच्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत देतं, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, एकूण साडेचार लाखांपर्यंत. हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यात येतं. हप्ता चुकला की परतावा नाही. घर तुमच्या नावावर नसेल तर आधी तो कागद सोडवा.

दापोलीकरीण

घर आईच्या नावावर आहे. तिच्याकडून भाडेकरार करून घेते. आभारी आहे हो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही दोघींनी बसून सगळे प्रतिसाद वाचले, जावेने तर वहीत उतरवून घेतले. तालुका कृषी कार्यालयात जाऊन आलो, संसाधन व्यक्तीचा नंबर मिळाला, बाई फोनवर नीट बोलल्या. ठरलंय ते असं. भागीदारी लेख करायला दिला, दोघींचा निम्मा निम्मा वाटा. संस्थेच्या नावाने चालू खातं काढतोय, आणि पुढच्या सगळ्या विक्रीचे पैसे तिथेच घेणार.

घाटमाथा, तुमच्या 200 किलोंवर आमच्यात वाद झाला. शेवटी असं ठरलं की सहा लाखांच्या यादीतून भाजण्याचं यंत्र सध्या काढायचं. भाजणं हातानेच चांगलं होतं, आणि आमची चव त्यातच आहे. पल्व्हरायझर, सीलर आणि पडवी एवढंच ठेवलं तर साडेतीनच्या आत बसतं. नणंदेने पुण्यात एका आहारतज्ज्ञ बाईंशी गाठ घालून दिली. त्यांच्याकडच्या लोकांसाठी गव्हाचा स्पर्श नसलेलं नाचणीचं पीठ महिन्याला तीस-चाळीस किलो लागेल म्हणाल्या, पण स्वतंत्र गिरणी बघितल्याशिवाय घेणार नाहीत. ते लेखी द्यायला तयार आहेत. असं पत्र बँकेत चालतं का?

निवृत्त_शाखाधिकारी

चालतं म्हणजे, मी असतो तर फाईलच्या अगदी वर लावलं असतं. पत्रात दर महिन्याचं प्रमाण आणि भाव दोन्ही येऊ द्या.

घाटमाथा

साडेतीन लाखांत हप्ता सात हजारांच्या आत येईल. त्या बाईंच्या ऑर्डरीवर तुमचे चाळीस किलो धरले तर अजून पस्तीस ते पंचेचाळीस किलो वाढवायला लागतील. हे मला शक्य वाटतं. पहिली पाच किलो भाजणी माझी, पत्ता पाठवतो.

माणदेशी_पोर

एक राहिलं. पल्व्हरायझरला थ्री फेज लागेल. घरच्या मीटरवर जोडू नका, महावितरणनं तपासणीत पकडलं तर दुप्पट दरानं आकारणी होते. पिठाच्या गिरणीला औद्योगिक दराचा वेगळा मीटर मिळतो. अर्ज आत्ताच टाका, यंत्र येऊन पडेल आणि वीज नसेल असं नको. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखलाही त्याच फेरीत घ्या, बँकेत आणि महावितरणकडं मागू शकतात.

कृष्णाकाठ

हे कुणी सांगितलंच नव्हतं! सोमवारी ग्रामसेवक येतात, तेव्हाच दाखल्याचा अर्ज देते. मीटर संस्थेच्या नावावर घ्यायचा की सासऱ्यांच्या?

हिशोबनीस

संस्थेच्या. पडवीसाठी सासऱ्यांकडून संस्थेच्या नावे भाडेकरार करा, तोच मीटरला चालेल आणि बँकेलाही. कराराची मुदत मात्र कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवा.